फायबर बोटीचा रंग: गोसेखुर्दच्या काठावरून प्रकल्प नोंदी

२१ जानेवारी २०२३

आमच्या मासेमारी संस्थेच्या बैठकीत जुनी फायबर बोट घ्यायचं पक्कं झालं. आमचं गाव पवनी तालुक्यात, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावर. लाकडी डोंगे आहेत, पण सागाच्या फळ्या परवडत नाहीत आणि डोंगा बांधणारा सुतार सहज भेटत नाही. नवी फायबर बोट संस्थेला झेपणारी नाही, म्हणून जुनी घेऊन दुरुस्त करायची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या ज्या संस्थांपुढे हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतो. पैसा कुठे गेला, वेळ कुठे गेला, सगळं लिहीन.

आज बंद पडलेल्या एका बोटिंगच्या जागी तीन बोटी पाहिल्या. एक पांढरी, एक लाल, एक गडद निळी. तिन्ही सोळा फुटांच्या आसपास, बेशरमाच्या झुडपात उघड्यावर पडलेल्या. तिघींनी सारखंच ऊन खाल्लेलं, त्यामुळे रंगांची तुलना आयतीच झाली. लाल बोटीची उत्तरेकडची बाजू अजून कुंकवासारखी लाल होती, दक्षिणेकडची फिकट गुलाबी. निळीवरून ओलं बोट फिरवलं तर निळी भुकटी हाताला लागली, आणि तिरप्या उजेडात पाहिलं तर आतल्या काचतंतूंच्या चटईचे धागे वर उमटलेले दिसले. पांढरीचा रंग थोडा पिवळसर पडला होता, बाकी ठीक.

बघताक्षणी सगळ्यांचा जीव पांढरीवर गेला. काकाजी मात्र मागच्या फळीवर, जिथे इंजिन बसतं तिथे, रुपयाच्या नाण्याने ठोकत बसले. पांढरीच्या फळीत आवाज पूर्ण भद्द. बोल्टच्या भोकातून काळं पाणी गळत होतं आणि तळाला अंगठ्याने दाबलं की तळ लवत होता. निळीची फळी फक्त एका कोपऱ्यात भद्द वाजली, तळ घट्ट.

"रंग नोको पाहू बाप्पा, बूड पाय. रंग काय, आपल्या हातचा आहे."

निळी ३४,००० रुपयांत ठरली. पांढरीचे ४५,००० मागत होते.

कोणी बोट बघायला जात असेल तर नाणं किंवा छोटी लाकडी हातोडी जवळ असू द्या. सगळ्या अंगावर हातभर अंतराने ठोकत जा. टणक आवाज आला तर फायबर एकसंध. आवाज बदलला की तिथे खडूने गोल करा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तिथे कधीतरी धक्का बसला आहे, आतून बघितल्याशिवाय सोडू नका. रंग उडालेला असणं हे यातलं सगळ्यात स्वस्त दुखणं.

२९ जानेवारी

बोट छोटा हत्ती टेम्पोवर लादून आणली. मागचा भाग बराच बाहेर येत होता, म्हणून जुन्या ट्यूब घालून बांधली. भाडं २,८०० रुपये. मोहाच्या झाडाखाली विटांवर पालथी ठेवली आहे.

शेवाळ आणि मातीचा थर काढायला प्लास्टिकची घासणी आणि साधी साबण पावडर वापरली. एका पोराने तारेची घासणी घेतली होती, ती लगेच बंद केली. तारेने वरचा जेलकोट ओरखडतो. तो सगळा मिळून जेमतेम अर्धा मिलीमीटर जाडीचा असतो आणि फायबरमध्ये पाणी जाऊ न देणारा थर तोच. तारेचे बारीक तुकडे त्यात अडकून पुढे गंजाचे ठिपके येतात ते वेगळंच.

धुतल्यावर तळावर फोड दिसले. पाण्यात राहणाऱ्या भागातच, वाटाण्याएवढे, काही दहाच्या नाण्याएवढे.

५ फेब्रुवारी

फोड फोडले. गावातला एक पोरगा बुटीबोरीला फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात होता, तो सुट्टीवर आला आहे. पुढचं बरंचसं काम त्याच्याच सांगण्याने चाललं. पहिली गोष्ट त्याने सांगितली ती चष्म्याची. फोडात पाणी दाबाखाली असतं, टोचलं की तोंडावर उडतं. उडालंच. चिकट पाणी, आंबूस वास. पाणी जेलकोटमधून हळूहळू आत शिरतं, रेझिनमधल्या (चटईचे धागे धरून ठेवणारा, डिंकासारखा घट्ट झालेला पदार्थ) काही घटकांशी मिळून आंबट द्राव होतो, तो आणखी पाणी ओढतो आणि जेलकोट वर उचलला जातो. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात हे जास्त होतं, कारण खारट पाण्यापेक्षा गोडं पाणी आत ओढलं जायला सोपं. आपल्याकडचं सगळं पाणी गोडं, म्हणून वर्षभर पाण्यात राहणाऱ्या प्रत्येक फायबर बोटीने हे धरूनच चालायचं.

मामा (माजी मालगुजारी) तलावावर बोट चालवणाऱ्यांना हा त्रास कमी होतो. तिथे एप्रिल-मे आला की पाणी सलंगापासून (तलाव भरला की पाणी बाहेर पडतं ती जागा) कितीतरी खाली जातं, बोट आपोआप काठावर येऊन सुकते. आमच्याकडे बॅकवॉटर बारमाही, बोट मुद्दाम ओढून काढल्याशिवाय सुकत नाही.

प्रत्येक फोड ग्राइंडरने बशीसारखा उतरता घासून उघडा केला, टणक फायबर लागेपर्यंत. मग साध्या पाण्याने धुतला आणि तसाच उघडा ठेवला. दर आठवड्याला पुन्हा धुवायचा, कारण आतला चिकटपणा पुन्हा वर येतो. तो असताना लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली तर फोड त्याच जागी परत येतो.

घासताना उडणारी फायबरची धूळ अंगाला खाजते आणि छातीत गेली तर वाईट. रुमाल बांधून भागत नाही, फिल्टरचा मास्क लागतो, आम्हाला तो ३५० रुपयांना मिळाला. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, त्याच्या मनगटांना चिकटपट्टी लावा, आणि तो सदरा घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

१२ फेब्रुवारी

संस्थेतल्या काही जणांचं म्हणणं, निळा रंग चांगला आहे, घासून चमकवू, नव्या रंगाचा खर्च कशाला. बोलण्यात वेळ घालवण्यापेक्षा मागच्या बाजूला दीड फुटाचा चौकोन करून पाहिला. ८०० नंबरचा वॉटर पेपर, मग १०००, १२००, १५००, त्यावर रबिंग कंपाउंड, शेवटी गाडीचं मेण. दुपार गेली, पण चौकोन आरशासारखा झाला. सगळे खूश.

हा चौकोन तसाच ठेवायचा आणि किती टिकतो ते बघायचं, असं मी ठरवून घेतलं. भुकटी होणं म्हणजे उन्हाने जेलकोटचा वरचा थर मरणं. घासलं की खालचा जिवंत थर वर येतो, पण दर वेळी तेवढा थर कमी होतो. पांढऱ्या बोटीवर ही भुकटी दिसत नाही, निळ्या-लाल-हिरव्यावर लगेच दिसते, म्हणून गडद बोटीचे मालक ती पुन्हापुन्हा घासतात. आमच्या बोटीच्या कडांवर जेलकोट इतका पातळ झाला होता की खालची चटई दिसत होती. आधीच्या मालकाने हेच केलं असणार.

१९ फेब्रुवारी

आज रंग ठरला. बराच वाद झाला.

काकाजींना डांबर हवं होतं. "डोंग्याले जन्मभर डांबर लावलं, याले का बरं नाही?" लाकडाला डांबर बरोबरच आहे, लाकूड ते पितं आणि फटी बुजतात. फायबर काही पीत नाही, डांबर वर नुसतं बसतं, उन्हात मऊ होऊन हाताला आणि जाळ्याला लागतं. एकदा लावलं की पुढे दुसरा कुठलाही रंग धरत नाही, पूर्ण खरवडून काढावं लागतं. हे त्यांना पटायला वेळ लागला. शेवटी डांबर लागलेल्या दगडावर रंग लावून वाळल्यावर नखाने सोलून दाखवला, तेव्हा पटलं.

पोरांना गडद हिरवा किंवा पुन्हा निळा हवा होता, फोटोत चांगला दिसतो म्हणून. त्यासाठी उष्णता मोजली. मोटार दुरुस्तीवाल्याकडचं लांबून तापमान सांगणारं यंत्र आणलं (तापाचं, कपाळासमोर धरायचं चालत नाही, ते बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जात नाही). दुपारी दोन वाजता हवेत ३३ अंश. निळी कड ५७ अंश. शेजारी पांढरी प्लास्टिकची टाकी होती, तिचं अंग ४० अंश. फेब्रुवारीतच हे. साध्या पॉलिएस्टर रेझिनची ताकद साधारण साठ-सत्तर अंशांच्या आसपास ढिली पडायला लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा गडद बोट त्या हद्दीत दुपारभर बसते. रेझिन पुन्हा थोडं आकसतं आणि चटईचे धागे वर उमटतात. निळीवर दिसलेले धागे त्यातलेच. समुद्राकाठच्या माणसाला गडद रंगाची हौस परवडत असेल, आपल्या उन्हात परवडत नाही.

तिसरी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोट लांबून दिसली पाहिजे. बॅकवॉटर मोठं आहे, पावसाळ्यात वारा-धुकं येतं, आणि कोणी अडकलं तर काठावरून बोट ओळखू आली पाहिजे. करड्या पाण्यावर करडी बोट दिसत नाही. त्यासाठी केशरी उत्तम. पण लाल-केशरी रंगद्रव्यं उन्हात लवकर उडतात, लाल बोटीवर ते डोळ्यांनी पाहिलंच. पांढरा, मातकट, फिका राखाडी यांत टिटॅनियमचं पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, ते टिकतं.

शेवटी ठरलं ते असं. पाण्याखालच्या भागाला फिका राखाडी इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा रंग). पाण्याच्या वरच्या भागाला मातकट पांढरा पीयू (पॉलियुरेथेन रंग). काठाच्या खाली सहा इंचांचा केशरी पट्टा सगळ्या बाजूंनी, तो उडेल तेव्हा तेवढाच पुन्हा मारायचा. आतून फिका राखाडी, कारण आतून पांढरं केलं तर दुपारी उजेड डोळ्यांवर येतो आणि जाळं निवडताना त्रास होतो. हे शेवटचं रोज जाळं निवडणाऱ्या बायांनी सांगितलं. कुठल्याही दुकानदाराने सांगितलं नसतं.

२६ फेब्रुवारी

नागपूरला इतवारीतून सामान आणलं. रेझिन, ४५० ग्रॅमची चटई, हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन), अ‍ॅसिटोन, रोलर, दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, इपॉक्सी लांबी, पीयू रंग आणि त्याचा थिनर.

मागच्या फळीचं काम केलं. आतल्या बाजूचं फायबर कापून काढलं, आतला प्लाय कोपऱ्यातून कुजलेला, हाताने चुरा झाला. नवीन आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय बसवला. स्वस्त प्लाय बसवू नका, सगळी मेहनत त्याच्यावर उभी असते. इंजिनच्या बोल्टची भोकं मोठी पाडून रेझिनने भरली आणि त्यात पुन्हा बारीक भोकं पाडली, म्हणजे पाणी प्लायपर्यंत पोहोचतच नाही.

यात एक प्रकार झाला तो नीट लिहितो, कारण यात भाजू शकतं. सकाळचं काम लांबलं आणि उरलेलं रेझिन दुपारी साडेबाराला एकदम कालवलं. दीड किलो रेझिन, दोन टक्के हार्डनर, प्लास्टिकच्या मगमध्ये. चटई भिजवायला घेतली तोवर मगमधलं रेझिन दह्यासारखं बसलं, नंतर तापलं, प्लास्टिकचा मगही वितळायला लागला आणि धूर निघाला. पोराने तो लाकडाने ढकलून वाळूत पाडला. रेझिन बसताना स्वतः गरम होतं, ढिगात असेल तर ती उष्णता बाहेर जात नाही, आणि वरून ऊन. त्यानंतर आम्ही असं केलं: सकाळी नऊच्या आत काम, एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवायचं नाही, हार्डनर एक टक्का, तो सुईच्या सिरिंजने मोजून, आणि कालवलं की खोल मगमध्ये न ठेवता पसरट ताटात ओतायचं. त्यानंतर एकदाही बिघडलं नाही.

अजून एक. कोबाल्ट (रेझिन लवकर बसावं म्हणून घालतात ते द्रव) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये, नीट ढवळून, मग हार्डनर. शक्य असेल तर दुकानातून कोबाल्ट घातलेलंच रेझिन घ्या. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

१८ मार्च

अवकाळी. सुकत आलेला तळ पुन्हा ओला झाला, कारण ताडपत्री थेट बोटीवर टाकली होती आणि पाणी खालून शिरून आत कोंडलं. पाऊस थांबल्यावर काढली तर खाली घाम. आता बांबूचा मांडव करून त्यावर ताडपत्री टाकली आहे, बोट आणि ताडपत्रीत हातभर अंतर, चारही बाजूंनी वारा. पंधरवड्याचा उशीर झाला.

तणसाने (धानाच्या पेंढ्याने) झाकायचा विचारही कोणी करू नका. तणस ओल धरतं आणि उंदीर येतात.

मोहाखालून बोट हलवली. आजी म्हणाली, "मोह गळायले लागला, याखाली रंग मारता का जी?" फुलं पहाटे गळतात आणि आम्ही रंगही पहाटेच मारणार. गोड चिकट फूल ओल्या रंगावर पडलं की डाग कायमचा.

२ एप्रिल

ओल तपासली. फूटभर पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे तळावर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्के चिकटवले आणि दिवसभर उन्हात ठेवले. आत दव जमलं तर तळ अजून ओला. मागच्या आठवड्यात दोन जागी जमलं होतं, आज कुठेच नाही. ओल मोजायचं यंत्र महाग येतं, ही युक्ती फुकट आहे आणि पुरेशी आहे.

फोडांचे खड्डे इपॉक्सी लांबीने भरले. पॉलिएस्टरची लांबी स्वस्त पडते, पण पाण्याखाली ती ओल धरते. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर चांगलं चिकटतं. उलटं करू नका, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

८ एप्रिल

प्रायमर मारला आणि एका जागी रंगाला डोळे पडले. प्रायमर मागे सरकून गोल गोल उघडे ठिपके राहतात, त्याला रंगारी डोळे पडणं म्हणतात. जागा कुठली, तर फेब्रुवारीतल्या चमकवलेल्या चौकोनाच्या शेजारची. मेण लावलेला फडका आसपास फिरला होता. वॉटर पेपरने घासल्याने मेण जात नाही, उलट कागद ते ओरखड्यांत भरतो. घासायच्या आधी थिनरने पुसावं लागतं, दोन फडक्यांनी: एकाने ओलं पुसायचं, लगेच दुसऱ्या कोरड्याने उचलायचं, आणि फडके वारंवार बदलायचे. तेवढा भाग प्रायमर काढून, पुसून, घासून पुन्हा केला. अर्धा लिटर प्रायमर आणि दोन सकाळी गेल्या.

१६ एप्रिल

पाण्याखालच्या भागाला इपॉक्सीचे दोन जाड हात, आणि वरच्या भागाला पीयूचे दोन हात.

दोन वेगळे रंग का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पीयू उन्हाला टिकतो, चमक राखतो, पण सतत पाण्यात बुडून राहिला तर फोड धरतो. इपॉक्सी पाण्याला टिकतं, पण उन्हात त्याची भुकटी होते. म्हणून जिथे पाणी तिथे इपॉक्सी, जिथे ऊन तिथे पीयू.

पीयू फवाऱ्याने मारू नका. त्याच्या हार्डनरचे कण श्वासात गेले तर दमा लागतो आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. आम्ही फोमचा रोलर फिरवला आणि मागोमाग दुसऱ्याने मऊ ब्रशच्या टोकाने अलगद ओढला. पहाटे साडेपाचला सुरुवात, आठच्या आत बंद. एप्रिलची पहाट आपल्याकडे कोरडी असते, दव नसतं, बोटीचं अंग रात्रभर थंड झालेलं असतं. संध्याकाळी मारून पाहिलं तर अंग तापलेलं होतं, थिनर उडून गेला आणि ब्रशच्या रेघा तशाच राहिल्या. तेवढा भाग दुसऱ्या दिवशी ६०० नंबरने घासला.

पहिला हात मारला त्या सकाळी शेजारच्या खळ्यात गव्हाचं थ्रेशर सुरू झालं. सगळं भुसकट रंगात. ओल्या रंगातून ते वेचायला जाऊ नका, खड्डे पडतात. पूर्ण वाळू दिलं, ४०० नंबरने घासलं, जमिनीवर पाणी शिंपडून दुसरा हात मारला. थ्रेशर कधी चालणार हे आदल्या दिवशी विचारून घेतलं.

१४ मे

हवेत ४४ अंश. तेच यंत्र आणलं. मातकट पांढरं अंग ५४. केशरी पट्टा ६१. तपासणीसाठी ठेवलेला निळा चौकोन ७३. एकाच बोटीवर, एकाच वेळी, हातभर अंतरात. पोरांनी हात लावून पाहिला, निळ्यावर ठेववत नाही. संस्थेच्या भिंतीवर हे आकडे लिहून लावले.

काठाला घासण्यापासून वाचवायला पाइपची पट्टी बसवली. शेतातला जुना काळा पाइप लांबीने चिरून काठावर चढवला आणि स्टीलच्या स्क्रूने पक्का केला, प्रत्येक भोकात सीलंट भरून. खर्च ४०० रुपये, पाइप फुकट.

१० जून

बोट पाण्यात. पुढच्या टोकाखाली आणि मागे टेकू देऊन उतरवली, घासत नेली नाही.

१९ नोव्हेंबर

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा नीट पाहणी. पीयू चमकतो आहे. निळा चौकोन मेण असूनही निस्तेज, ओल्या बोटाला पुन्हा निळं लागतं. ज्यांना घासून चमकवायचं होतं त्यांनीच येऊन पाहिलं, वाद मिटला.

पाण्याच्या रेषेवर तपकिरी-काळपट पट्टा बसला आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, ते शेवटी आमच्याच पाण्यात साठतं. वरून जलपर्णी. हा डाग साबणाने निघत नाही. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर, लिटरभर पाण्यात दोन चमचे, हातमोजे घालून फडक्याने लावली, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुतली. पूर्ण निघाला. संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरू नका, त्याने रंग मरतो आणि बोल्ट गंजतात.

पाण्याखालच्या खुंटांवर घासून तळाला ओरखडे आले आहेत. जुनी झाडं अजून उभी आहेत तिथे, काही तर पाण्याखाली गेलेल्या आमच्याच जुन्या शेतांच्या धुऱ्यांवरची (बांधांवरची). तळ फिका राखाडी असल्याने ओरखडा कुठवर खोल गेला ते लगेच दिसतं: राखाडीतच आहे की खालचं प्रायमर दिसतं की निळं. गडद तळावर हे कळत नाही. निळं दिसलेल्या जागा काढून, सुकवून, इपॉक्सीने भरल्या.

७ एप्रिल २०२४

वार्षिक काढणी, म्हणजे बोट पाण्याबाहेर काढली. तळाला एकही फोड परत नाही. पाण्याच्या रेषेच्या लगेच वर मात्र तीन बोटं रुंदीचा एक पट्टा बारीक फोडांनी भरला आहे, मागच्या अर्ध्या भागात जास्त. तिथे पीयू आहे. पाण्याची रेषा रिकाम्या बोटीवर आखली होती. चार माणसं, इंजिन, ओलं जाळं आणि मासळीचे क्रेट चढले की बोट तेवढी खाली बसते, आणि आमची बोट बहुतेक वेळ भरलेलीच असते.

तो पट्टा घासून काढला. भरलेली बोट काठाशी पाण्यात उभी करून खडूने नवी रेषा घेतली, त्यावर दोन बोटं अंतर सोडून इपॉक्सी तिथपर्यंत नेलं. ज्यांना सुरुवातीपासून करायचं आहे त्यांनी बोट उचलायच्या आधीच पूर्ण वजन टाकून रेषा आखून घ्यावी. या पट्ट्यात १,६०० रुपये आणि आठवडाभर मासेमारी गेली.

केशरी पट्टा दक्षिणेकडून फिका पडायला लागला आहे, पण लांबून अजून स्पष्ट दिसतो. यंदा तसाच ठेवला.

१२ मे २०२४

हिशेब विचारणाऱ्यांसाठी. बोट ३४,०००, भाडं २,८००. रेझिन, चटई, हार्डनर, अ‍ॅसिटोन मिळून ४,९००. प्लाय आणि बोल्ट ३,२००. इपॉक्सी प्रायमर, लांबी आणि तळाचा रंग ७,४००. पीयू आणि थिनर ४,१००. कागद, रोलर, मास्क, हातमोजे, चष्मे, सीलंट आणि स्क्रू २,३००. यंदाची दुरुस्ती १,६००. मजुरी धरलेली नाही, सगळ्यांनी आळीपाळीने काम केलं.

यातले जवळपास हजार रुपये आणि बराच वेळ प्रायमरला पडलेल्या डोळ्यांत, धूर निघालेल्या रेझिनमध्ये आणि भुसकटात गेला.

शेजारच्या गावातल्या संस्थेने हिरवी बोट घेतली आहे, हिरवी कड आताच पांढुरकी दिसते. त्यांना आमचं तापमानाचं यंत्र आणि सिरिंजा देऊन ठेवल्या आहेत. ते जूनच्या आत प्रायमरपर्यंत पोहोचले तरच यंदा रंगवणार, नाहीतर पावसाळाभर बोट मांडवाखाली उलटी ठेवून पुढच्या एप्रिलमध्ये. पावसाळी हवेत इपॉक्सी मारलं तर वर मेणचट थर येतो आणि पुढचा हात त्यावर धरत नाही, तेव्हा थांबणंच बरं.

आमच्या बोटीवरचा निळा चौकोन पुढच्या काढणीला घासून त्यावरही मातकट पांढरा मारायचा आहे. त्याचं काम झालं.